घाटाचा उतार आणि ब्रेक

बुलढाणा जिल्ह्याची ओळख तेथील लोक घाटावरचा आणि घाटाखालचा अशी करून देतात. बुलढाणा, चिखली, मेहकर अजिंठ्याच्या रांगेवरील पठारावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात वसलेले असल्याने, राजूर घाट किंवा बोथा घाट उतरणे हा तेथील दुचाकीस्वाराच्या आयुष्याचाच भाग होतो.

१९७२ च्या आसपास लहान असलेल्या पिढीने दांड्याखालून पाय घालून जी सायकल शिकली, तिचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे होते. मूठ दाबली की सळ्या रबराचे ठोकळे चाकाच्या धावेवर दाबत. पावसात धाव ओली झाली की रबर घसरे आणि शेवटी चप्पल जमिनीला घासूनच सायकल थांबे. त्याच १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसी इंजिनाची, पायडल असलेली ‘लूना’ बाजारात आणली, आणि ही मुले मोठी होईपर्यंत ती दुधाच्या कॅना व चाऱ्याचे भारे वाहू लागली होती. तिचे ब्रेक ड्रमचे, म्हणजे चाकाच्या मध्यभागी फिरणाऱ्या डब्याला आतून घासणारे, त्यामुळे पावसाचा त्रास कमी झाला. मात्र पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवयही तेव्हाच अनेकांना लागली.

ही सवय घातक का, हे हिशेबाने कळते. स्वार व ओझ्यासह दीडशे किलोची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा अर्धा लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ऊर्जा मोकळी होते, आणि इंजिन बंद असताना वेग वाढू द्यायचा नसेल तर तिचा मोठा वाटा ब्रेकलाच उष्णतेच्या रूपात पचवावा लागतो.

लूनाऐवजी साध्या सायकलीलाच इंजिन बसवले, तर तिच्यातील कोस्टर ब्रेकची अडचण नेमकी हीच असते. पायडल उलटे रेटताच मागच्या हबमधील ब्रेक शू पसरून हबच्या आतील भिंतीवर दाबले जाणे, अशी ही रचना. जर्मनीच्या फिख्टेल अँड झाक्स कंपनीच्या ‘टॉर्पेडो’ हबने ती विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपभर पोहोचवली, भारतात मात्र ती फारशी रुजली नाही. हात मोकळे ठेवणारी आणि पावसाला न जुमानणारी ही योजना खरोखर सुंदर आहे, पण ती पायाने गाठता येणाऱ्या वेगासाठी आखलेली आहे, आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. हब तापले की साधे ग्रीस पातळ होऊन वाहून जाते व धातूवर धातू घासू लागतो. म्हणून उच्च तापमानाचे ग्रीस भरावे, गुळगुळीत झालेले शू पॉलिश पेपरने खरखरीत करावेत, चेनची ढिलाई काढावी आणि ब्रेकच्या आतील स्थिर भागाला फिरू न देणारी पट्टी फ्रेमला घट्ट आवळावी. इतके करूनही चेन तुटली की हा ब्रेक संपतो. शिवाय ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर सरकत असल्याने मागचे चाक एकटे कमी पडते. घाटात जाणाऱ्या अशा सायकलीला पुढचा ब्रेक हवाच, यात तडजोड नको.

२०१९ पासून देशात १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना, एका ब्रेकने दोन्ही चाके आवळणारी जोड-यंत्रणा सक्तीची झाली, आणि २०२४ मध्ये लूना विजेवर चालणारी होऊन परतली. सायकल शिकणारी ती मुले आता साठीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे अजून जुनी लूना असेल, त्यांनी राजूर घाट उतरण्यापूर्वी केबल आणि लायनर मिस्त्रीला दाखवावेत व इंजिन चालूच ठेवावे.