यकृत आणि अव्यये

यकृताचा कर्करोग झाल्याचे कळताच आपल्या समाजात पहिली चौकशी होते ती रुग्णाच्या चारित्र्याची. ‘घेत होते काय?’ हृदयविकाराच्या रुग्णाला जी सहानुभूती विनासायास लाभते, ती यकृताच्या रुग्णाला आपले निर्व्यसनीपण सिद्ध करून मिळवावी लागते. येथील आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जन्मात सुपारीचे खांडही तोंडात टाकले नव्हते. तरी त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत हीच कुजबुज चालली होती आणि ती त्यांच्या पत्नीच्या कानी पडत होती. त्या माउलीला काही उत्तर देता यावे, म्हणून आम्ही या विषयाचे वाचन आरंभिले.

मद्य हा यकृताचा शत्रू खराच; परंतु तो एकटा नाही. ‘ब’ आणि ‘क’ काविळीचे विषाणू, मधुमेह व स्थूलपणाच्या संगतीने यकृतात साठणारी चरबी, आणि दमट जागी ठेवलेल्या मक्यावर व भुईमुगावर चढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, हे त्याचेच सोबती. १९७४ साली आपल्या झाबुआलगतच्या बांसवाडा व पंचमहाल भागांत बुरशी आलेला मका गरिबीपोटी खाऊन शेकडो आदिवासी आजारी पडले आणि १०६ जण दगावले. ती तीव्र विषबाधा होती. पण हेच विष वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेले, तर कर्करोगाला वाट करून देते.

यापुढील कथा पेशीच्या आतली आहे. जनुकावरून आरएनएची प्रत निघते व तिच्या आधारे प्रथिन घडते, एवढे आम्ही शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींकडून ऐकले होते. मात्र मानवाच्या जनुकसंचयापैकी जेमतेम दोन टक्के भाग या कामी येतो. उरलेल्या बहुतेक भागाला १९७२ साली सुसुमु ओह्नो या शास्त्रज्ञांनी ‘अडगळ’ ठरविले. पुढे असे दिसले, की त्या भागातूनही आरएनएचे लांबलचक धागे निघतात. ते प्रथिन घडवीत नाहीत. त्यांतील सारेच कामाचे आहेत असे नाही. पण कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा निजावे, यात काहींचा हात निश्चित असतो.

आम्हांस येथे व्याकरणातील अव्यये आठवली. त्यांना लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. पण ‘तो आला’, ‘तोही आला’ आणि ‘तोच आला’ यांत केवढे अंतर!

२००७ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांना यकृताच्या कर्करोगात असा एक धागा बेसुमार वाढलेला आढळला. त्याचे नाव ‘हल्क’. ‘ब’ काविळीच्या विषाणूचे एक प्रथिन या हल्कला चेतवते आणि हल्क पेशींच्या वाढीस लगाम घालणाऱ्या एका जनुकाला दडपतो, असे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. शब्द न बदलता नुसते एक अव्यय वाढवूनही वाक्य बिघडविता येते, ते असे! हल्क रुग्णांच्या रक्तातही सापडतो; त्यावरून रोग लवकर ओळखता येईल काय, याचा शोध चालू आहे. तूर्त दवाखान्यातील नित्याच्या तपासण्यांत त्याचा समावेश नाही.

आपल्या हाती आहे ते साधेच. नवजात बालकास चोवीस तासांच्या आत ‘ब’ काविळीची लस द्यावी. सरकारी लसीकरणात ती मोफत आहे. तैवानने १९८४ पासून ही लस दिली आणि तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग घटला. मोठ्यांनी दोन्ही काविळींसाठी रक्त तपासून घ्यावे व वजन, मधुमेह आटोक्यात ठेवावा. इंदूरकरास भुट्ट्याचा कीस सोडा म्हणण्याची आमची छाती नाही. ताज्या कणसाचा तो खुशाल खावा. बुरशी धरलेले दाणे मात्र निवडीत न बसता फेकून द्यावेत.

राहिला प्रश्न समाचारास जाण्याचा. आमचे सहकारी निर्व्यसनी होते, हे आम्ही आवर्जून सांगितले. पण ते घेत असते, तरी त्यांच्या वेदना उण्या नसत्या, आणि त्यांच्या पत्नीचे दुःखही.