दारं धरणारा

मार्गशीर्षातली पहाट. सोनईच्या शिवारात उसाला पाणी चाललेलं असतं. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी चारीतून सरीत शिरतं आणि अंधारात एक माणूस फावडं घेऊन दारं धरतो. सरी भरत आली की पाण्याचा आवाज जड होतो. त्या आवाजावर तो चिखलाचं ढेकूळ तोंडाशी लोटतो, शेजारची सरी मोडून देतो. पाणी देण्याइतकंच ते वेळेवर तोडणं त्याच्या हातात असतं.

आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातही असंच शिवार पसरलेलं आहे. लाखो सूक्ष्म खळगे, तळाशी मूळपेशी. नव्या पेशी फुटतात, वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत पाचटासारख्या गळून पडतात. वाढीचा सांगावा नेणारं प्रथिन म्हणजे बीटा-कॅटेनिन, अमिनो आम्लांच्या 781 मण्यांची माळ. काम सरलं की तिच्या 45 व्या मण्यावर फॉस्फेट बसतं, तिथून 41 व्यावर, मग 37 आणि 33 वर. त्या खुणा पाहून युबिक्विटिन नावाचं इवलं प्रथिन येऊन चिकटतं आणि पेशी ती माळ उसवून टाकते. न दिसणारं हे काम अहोरात्र चालतं. कळलं तेव्हा माझे हात आपसूक जुळले.

एपीसी नावाचं जनुक इथला दारं धरणारा. आतड्याच्या दहापैकी सुमारे आठ कर्करोगांत तेच बिघडलेलं सापडतं. मग खुणा होत नाहीत, माळा साचतात, पाणी बांध फोडून धावतं.

आणखी एक खूण आहे, साखरेची. ग्लुकोजपासून पेशीच घडवते असा एक कण प्रथिनांवर बसतो, हे जीवरसायनशास्त्रज्ञ जेराल्ड हार्ट यांच्या प्रयोगशाळेत 1984 च्या सुमारास उमगलं. तो नेमका 41 व्या मण्यावर बसला तर फॉस्फेटला जागा उरत नाही, माळ टिकून राहते. कर्करोगाच्या पेशींत हा कण जास्त आढळतो. यावरून चहातल्या चमचाभर साखरेला दोषी धरू नये; गोष्ट इतकी सरळ नाही.

उजाडतं. कारखान्याकडून मळीचा उग्र-गोड वास येतो. कांड्यावरचा डोळा दवात फुगलेला असतो, पिवळसर.

आपल्या आतल्या शिवाराकडेही लक्ष असू द्या. शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडून आतडं तपासून घ्या.