चालकाविना टॅक्सी : जमा आणि खर्च

अमेरिकेत चालक नसलेल्या टॅक्सी रस्त्यावर धावतात असे सांगितले, की आमच्या वस्तीतील वडीलधारी मंडळी हसतात. "मग भाड्यासाठी हुज्जत कोणाशी घालायची?" असा त्यांचा सवाल! विषय थट्टेचा वाटला तरी तो आपल्या चुलीशी जोडलेला आहे, म्हणून हे चार शब्द.

वेमो या कंपनीने ॲरिझोनातील फिनिक्स परिसरात ऑक्टोबर २०२० मध्ये ही सेवा सर्वसामान्यांना खुली केली. जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतही ती सर्वांसाठी सुरू झाली. लोकांनी ती मुकाट्याने स्वीकारली असे मात्र नाही. मार्च २०१८ मध्ये टेम्पी येथे उबरच्या चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा बळी घेतला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रूझ कंपनीच्या गाडीने एका जखमी महिलेला फरफटत नेले, तेव्हा त्या कंपनीचा परवाना निलंबित झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये जमावाने वेमोची रिकामी गाडी पेटवून दिली. तरीही एप्रिल २०२५ पर्यंत वेमोच्या फेऱ्या आठवड्याला अडीच लाखांवर गेल्या. पोटात भीती आहे, पण पाय गाडीत आहे!

असे का व्हावे? आमची एक पुतणी तिकडे नोकरीला आहे. ती फोनवर म्हणाली, "काका, रात्री उशिरा घरी येताना आरशातून कोणी न्याहाळत नाही, नको त्या चौकश्या करीत नाही. निवांत बसता येतं." भगिनींना हे अधिक सांगावयास नको.

दुसरे कारण आपल्याला जास्त जवळचे आहे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की बोस्टनमध्ये नाव कृष्णवर्णीयाचे वाटले तर उबरचे चालक दुपटीहून अधिक वेळा फेरी रद्द करीत. १९२९ साली चाळीसगावला काय घडले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाला लगाम हाती घ्यावा लागला, आणि त्या अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. यंत्र आडनाव विचारीत नाही, ही जमेची मोठी बाजू आहे.

पण आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे. खर्चाची बाजू पाहिल्याशिवाय वही मिटत नाही.

बर्कले येथील संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेरा जणांना आठवडाभर फुकट चालक देऊन, स्वतः न चालवता गाडी मिळाली तर माणूस कसा वागतो हे पाहिले. त्यांच्या गाड्यांचा प्रवास ८३ टक्क्यांनी वाढला! वृद्ध मंडळी संध्याकाळी बाहेर पडू लागली, ही चांगली गोष्ट. परंतु लोक किरकोळ कामासाठी रिकामी गाडीही धाडू लागले. ही सवय आपल्या शहरांत आली, तर रस्ते आणखी तुंबतील, आणि बसच्या रांगेत उभा राहणारा माणूसच त्या कोंडीत अडकेल.

दुसरा खर्च त्याहून जड आहे. आमच्या वस्तीत कितीतरी घरांची चूल रिक्षा-टॅक्सीवर पेटते. बॅज आणि परमिट मिळविताना या मुलांनी किती हेलपाटे घातले, ते आम्ही अर्ज लिहून देताना पाहिले आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे सांगितले. त्याचे स्वागतच आहे. मात्र मंत्र्याच्या शब्दावर विसंबून पिढी घडत नाही.

या गाड्यांनाही माणसे लागतात. त्या धुणे, चार्ज करणे, दुरुस्त करणे, दूर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवणे ही कामे माणसेच करतात. रिक्षाचालक बंधूंनी आपल्या मुलामुलींना आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सकडे, संगणकाकडे आतापासून वळवावे. चालक संघटनांनीही नव्या गाड्यांचा परवाना, विमा आणि पुनर्वसन यांची मागणी आजच लेखी मांडावी. आपल्या माणसाच्या हाती पूर्वी लगाम आला, तो शिकण्याची संधी न देताच. पुन्हा तसे होऊ देता कामा नये.