सुटीची बीजगणिती

नाशिककराने दिवाळीच्या सुटीत जावे कुठे? परगावचे पाहुणे येतात, त्यांचा पंचवटी, काळाराम, पांडवलेणी असा कार्यक्रम ठरलेला. आमच्याकडे मात्र भाऊबीज उरकली की रणकंदन! यंदा घरात तीन पक्ष उभे राहिले. सौभाग्यवतींना सापुतारा, चिरंजीवांना भंडारदरा आणि आईला वणीचा गड.

शेवटी फ्रँकलिनसाहेबांना शरण गेलो. नवी नोकरी धरावी की नाही, या पेचात प्रिस्टले हे शास्त्रज्ञ सापडले असता बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ साली लंडनहून त्यांना एक तोड कळवली होती. अर्ध्या तावावर मधोमध रेघ मारायची. एकीकडे अनुकूल, दुसरीकडे प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल तसे लिहीत जायचे, मग दोन्हीकडच्या समान वजनाच्या गोष्टी खोडायच्या. बाकी उरेल तो कौल. या हिशेबाला ते बीजगणितच म्हणत.

सापुतारा पहिल्याच दिवशी गळाला. दिवाळीत तिथे अवघा गुजरात लोटतो, हे सौभाग्यवतींनीच लिहिले. (मोठे मन लागते त्याला!)

भंडारदऱ्याचा ताव भरगच्च. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, पावसाळ्यानंतरचा तुडुंब जलाशय, जवळच १,६४६ मीटर उंचीची कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर. विरुद्ध बाजूला मुक्कामाचा खर्च. गड साठ-पासष्ट किलोमीटर, संध्याकाळी घरी परत. म्हणजे खर्चाची ओळ नाहीच. उजवीकडे मी लिहिले होते, ‘पायऱ्या सुमारे पाचशे, आईचे गुडघे.’ त्यासमोर डावीकडे ‘२०१८ पासून रुळांवरची ट्रॉली’, म्हणून दोन्ही खोडल्या. तरी पारडे भंडारदऱ्याकडेच झुकत होते.

तिसऱ्या दिवशी आईने चष्मा लावून दोन्ही ताव वाचले. काही बोलली नाही. गडाच्या तावावर डावीकडे एवढेच लिहिले : ‘पुढल्या वर्षाचे कोणी सांगावे?’

याला समोर काय ठेवून खोडायचे? मी पेन्सील चावत बसलो. चिरंजीव मागून डोकावले, आणि भंडारदऱ्याच्या तावावरची कळसूबाई त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. “ती कुठे पळून जातेय, बाबा!”

पहाटेच निघालो. दिंडोरीकडचे द्राक्षमळे मागे टाकून, वणीवरून नांदुरीचा घाट चढून गडावरच्या गावात पोचलो. ट्रॉलीसाठी रांग बरीच होती, पण आईची तक्रार नव्हती. आत बसल्यावर तिने काचेला नाक लावून खाली पाहिले. “अगंबाई, केवढं चढत होतो गं आम्ही!” ती सौभाग्यवतींना म्हणाली. अठराभुजा देवीपुढे ती हात जोडून बराच वेळ उभी होती. मागचे लोक पुढे ढकलीत होते, तरी हलली नाही.

चिरंजीव मात्र पायऱ्यांनीच चढून आले, आणि आमच्या आधी पोचले होते.