विजेस सुरांत आणतांना

मेघगर्जनेस नाद म्हणावें कीं नुसता गोंगाट, हा प्रश्न विद्यार्थिदशेंत तर्कशास्त्राचे पाठ घेतांना आम्हांस कधीं पडला नव्हता. गेल्या वर्षीं मात्र आमच्या घरीं जेवणाच्या पंक्तींत त्याची रोज चर्चा होऊं लागली. त्यास कारण आमचा नातू चि. श्रीधर. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत, अध्यापकांच्या देखरेखीखालीं, त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं टेस्ला कॉइल नांवाचें यंत्र उभें केलें आहे. त्याच्या माथ्यावरून हात-दीड हात लांबीची वीज उसळते. आणि विशेष असें कीं, ती वीज गाते.

श्रीधरास पेटीचे पहिले धडे आमच्या वडील बंधूंनीं, म्हणजे अण्णांनीं, दिले. तेव्हां यंत्रावर बसविलेला भूप प्रथम त्यांसच ऐकवावा, ही त्याची मनीषा. परंतु अण्णांच्या छातींत दोन वर्षांपूर्वीं पेसमेकर बसविलेला आहे, आणि अशा यंत्राच्या प्रबळ विद्युत्क्षेत्राजवळ पेसमेकर असलेल्या मनुष्यानें फिरकूं नये, हा त्या विद्येंतील कडक नियम आहे. म्हणून अण्णांनीं घरीं बसून ध्वनिमुद्रण ऐकलें. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बाळ, सूर आपापल्या जागीं आहेत. पण हा भूप नव्हे. हा डब्यांत कोंडलेला भुंगा आहे."

पोर हिरमुसलें खरें. परंतु आमच्या मतें अण्णांची परीक्षा हीच खरी परीक्षा होती. डोळ्यांपुढें वीज नाचत असली म्हणजे प्रेक्षक कशासही टाळ्या देतो. ज्यास वीज दिसतच नाहीं, त्याच्या वांट्यास केवळ नाद येतो.

निकोला टेस्ला ह्यांनीं १८९१ सालीं हें यंत्र निर्माण केलें, तें गाण्यासाठीं नव्हे. मात्र विजेकडून सूर काढण्याची कल्पनाही बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत विल्यम डडेल ह्यांनीं कार्बनच्या कांड्यांमधील विद्युज्ज्योतीस गावयास लाविलें होतें. अलीकडे अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत 'आर्कअटॅक' नांवाची मंडळी टेस्ला कॉइलवर जलसे करतात. आणि ब्यर्क ह्या आइसलंडच्या गायिकेनें २०११ च्या 'बायोफिलिया' ह्या संग्रहांत तिचा वाद्य म्हणून उपयोग केला आहे.

ह्यांतील मर्म असें. कॉइलमधील विजेचीं आंदोलनें सेकंदास लाखाच्या घरांत असतात. तीं मानवी कानास ऐकूं येत नाहींत. म्हणून यंत्र अखंड न चालवितां क्षणमात्र चालवून थांबवितात. दर वेळीं ठिणगी उडते, हवा एकाएकीं तापून फुगते, आणि एक थाप उमटते. आमचे नैयायिक वीचितरंगन्याय म्हणत, त्या रीतीनें ती पाण्यावरील लाटेसारखी चोहोंकडे पसरते. अशा थापा सेकंदास ४४० पडल्या कीं कानास एक सलग सूर भासतो. थापांची संख्या म्हणजे सुराची उंची. आणि प्रत्येक थापेचा अवधि, समजा सेकंदाचा दहाहजारावा भाग, म्हणजे सुराचा जोर. परंतु थाप तीक्ष्ण असल्यामुळें मूळ सुरासमवेत वरचे अनेक उपस्वरही मोठ्या हट्टानें वाजतात. अण्णांचा भुंगा तो हाच.

मग मुलांनीं एकेक उपाय योजिला. थापांमधील अंतर यत्किंचितही मागेंपुढें झालें तर सूर खरखरतो; म्हणून ती मोजणी त्यांनीं दुसरें कोणतेंही काम नसलेल्या एका स्वतंत्र घटकाकडे सोंपविली. दुसरी अडचण तार सप्तकाची. वरील अवधि कायम ठेवून सेकंदास १०० थापा दिल्या तर यंत्र शेंकडा १ काळ चालतें. १००० दिल्या तर शेंकडा १०. त्यामुळें वरचे सूर किंचाळतात आणि यंत्रही तापतें. म्हणून सूर जसजसा चढेल तसतसा थापेचा अवधि कमी करावा लागतो. तिसरी गोष्ट जोडसुरांची. एकाच कॉइलवर दोन सूर धरले तर दोहोंच्या थापा मधूनमधून एकमेकींस चिकटतात आणि भलताच खडखडाट उठतो. तेव्हां भूप एका कॉइलकडे आणि खालचा षड्ज दुसऱ्या लहान कॉइलकडे, अशी वांटणी झाली. जवळच्या लोखंडी वस्तु दूर नेल्या. कारण ठिणगी त्यांवर जाऊन आदळली कीं सुराच्या मध्येंच तडाखा ऐकूं येतो.

सर्वांत मोठा पालट मात्र आणखी एका लहानशा युक्तीनें झाला. पूर्वीं प्रत्येक सूर एकदम सुरू होई व एकदम तुटे. आतां थापेचा अवधि आरंभीं हळूहळू वाढवीत नेतात व शेवटीं उतरवितात. त्याचप्रमाणें थापांची संख्या क्रमानें बदलली असतां गंधारावरून पंचमावर मींडही घेतां येते. पेटीस जें साधत नाहीं, आणि ज्या उणिवेचें कारण पुढें करून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली होती, तें ह्या कडाडणाऱ्या यंत्रास साधावें, ह्याचें आम्हांस मोठें नवल वाटलें.

ह्याहून मृदु नाद हवा असल्यास निराळा मार्ग आहे. आंदोलनें कित्येक लाखांवर नेऊन वीज अखंड तेवत ठेवावयाची, आणि गाण्याच्या चढउतारानुसार तिची शक्ति कमीजास्त करावयाची. मग ठिणगीऐवजीं दिव्याएवढी ज्योत मिळते, पण तींतून शब्दही स्पष्ट ऐकूं येतात. मात्र खोलींत ओझोन सांचतो. त्यासाठीं खिडक्या उघड्या हव्यात. हात-दीड हात वीजही हवी आणि गोडवाही हवा, हें एकाच यंत्रास जमणें कठीण.

दिवाळीच्या सुट्टींत श्रीधरानें नवें मुद्रण आणिलें. अण्णांनीं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलें, आणि मग एवढेंच म्हणाले, "गळा अजून बसलेला आहे, पण आतां हा गातो आहे. पंचमावर आणखी थोडा ठहर." त्याच रात्रीं पोरानें तो पंचम लांबविण्याचें गणित मांडलें.

आम्हीं जन्मभर मुलांस संस्कृत पाठ म्हणावयास शिकविले, आणि आरडून म्हणणारा मुलगा हळूहळू स्वरांत म्हणूं लागलेला पाहिला. शक्ति त्याच्यापाशीं पहिल्यापासून असतेच. कोठें थांबावें एवढेंच त्यास शिकवावें लागतें. ह्या यंत्राच्या बाबतींतही मुलांनीं जें जें सुधारिलें, तें बहुतेक कांहीं तरी आंवरूनच सुधारिलें. ज्या घरांत तरुण मुलें नवीं यंत्रें घेऊन धडपडत आहेत, त्या घरांतील वडील माणसांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं त्या गोंगाटास कंटाळून दार लावून न घेतां एकदां नीट ऐकावें, आणि उणें काय तें स्पष्ट सांगावें.