अर्धं खडकवासला

पावसाळ्यात पुण्यात दोन बातम्या ठरलेल्या: भिडे पूल पाण्याखाली गेला आणि धरणसाखळीत आज इतके टीएमसी झाले. दुसऱ्या बातमीतला आकडा आम्हा पुणेकरांना क्रिकेटच्या धावसंख्येसारखा तोंडपाठ असतो, कारण पाणीकपात होणार की टळणार हे त्यावर ठरतं. सातवीतल्या भाचीने एकदा विचारलं, टीएमसी म्हणजे किती? ‘हजार दशलक्ष घनफूट,’ मी रुबाबात सांगितलं. ती म्हणाली, ‘हो, पण म्हणजे किती?’

माझं काम बहुतेक वेळा अशा दुसऱ्या ‘म्हणजे’पासून सुरू होतं. मी एका ऑनलाइन मासिकासाठी लिहिते. रोजच्या आयुष्यातली कुतूहलं आणि सार्वजनिक प्रश्न असे दोन विभाग तिथे आहेत. मला ते कधी वेगळे ठेवता आलेले नाहीत.

टीएमसीवर लिहायला बसले तेव्हा आधी बादल्या काढल्या. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने मोजलं तर १८९ कोटी बादल्या. वाक्य लिहिलं, वाचलं आणि खोडलं. न समजणारा एक आकडा उचलून तिथे न समजणारा दुसरा ठेवला होता, एवढंच. परदेशी नियतकालिकं अशा वेळी ऑलिंपिकचे तरणतलाव मोजतात. आमच्या डोळ्यांपुढे तलाव म्हटलं की टिळक टँक येतो, आणि तिथल्या पाण्याचा अंदाज घ्यायला वेळच मिळालेला नसतो. पाठीला डबा बांधून कुणीतरी ढकललेलं असतं.

उत्तर शेवटी खडकवासल्याच्या चौपाटीवर सापडलं, भाजलेलं कणीस खाताना. या धरणाची क्षमता १.९७ टीएमसी. म्हणजे ते काठोकाठ भरलेलं असताना समोर पसरलेलं सगळं पाणी जवळपास दोन टीएमसी, आणि त्यातलं अर्धं एक. ज्याने तिथे उभं राहून एकदा तरी कणीस खाल्लंय त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. भाचीलाही लागलं नाही.

पण कुतूहल तिथे थांबलं असतं तर बरं. वरच्या तीन धरणांत वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि टेमघर ३.७१ टीएमसीचं. त्या तिघांतून सोडलेलं पाणी येतं ते चौघांत सगळ्यात लहान असलेल्या खडकवासल्यात. तीन घागरी एका तांब्यात ओतायच्या, आणि तांब्याच्या खाली शहर. २५ जुलै २०२४च्या पहाटे मुठेत पस्तीस हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घराघरांत शिरलं. त्या वेगाने पूर्ण भरलेलं खडकवासला साधारण साडेपंधरा तासांत रिकामं होईल, वरून काही येत नसेल तर. मुसळधार पावसात वरून येतच असतं. म्हणून या धरणाला पाणी फार वेळ धरून ठेवणं जमत नाही, आणि म्हणूनच पाणी सोडण्याआधी खालच्या माणसांना कधी सांगितलं, हा प्रश्न इतका मोठा होतो.

इथे मला सरकारी मराठीशी झगडावं लागतं. पत्रकांमध्ये कर्ता कधी सापडत नाही. विसर्ग वाढविण्यात आला. नागरिकांना सूचित करण्यात आले. माझी जुनी सवय अशी की पत्रकातल्या प्रत्येक ‘ण्यात आले’शेजारी पेन्सिलीने ‘कुणी?’ लिहायचं, आणि मग ‘किती वाजता?’. निम्मा लेख त्या समासातून तयार होतो. उरलेला निम्मा लोकांच्या जिन्यात बसून: पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, तेव्हा घरात कोण जागं होतं, गाडी काढायला कोण खाली गेलं. पानशेत फुटलं त्या १२ जुलै १९६१च्या आठवणीही जुने पुणेकर अशाच पायऱ्यांनी सांगतात. क्युसेक कुणी सांगत नाही.

मथळ्यावरून संपादकांशी वाद झाला. त्यांना ‘टीएमसी म्हणजे काय? जाणून घ्या’ हवं होतं. ‘जाणून घ्या’ दिसलं की वाचक काही न जाणता पुढे सरकतो, असं माझं ठाम मत आहे. वाचकसंख्येचे आकडे माझ्या विरोधात आहेत. मथळा त्यांचाच लागला.

चूक मात्र पूर्णपणे माझी. पस्तीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आपल्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर दर सेकंदाला शंभर टँकर. उपमा इथल्या मातीतली होती, म्हणून मी खूश होते. त्या खुशीत एक शून्य जास्त पडलं आणि दर सेकंदाला हजार टँकर मुठेत रिकामे झाले. लेख लागल्यावर तासाभरात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका वाचकांची मेल आली. नमस्कार वगैरे काही नाही. ‘हजार लिटरचा टँकर आपण कुठे पाहिलात? आमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. तिला चाकं नाहीत.’

मी लगेच दुरुस्ती केली आणि लेखाखाली तारीख घालून तशी नोंदही टाकली. छापील मासिकात यासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागली असती. पण त्या तासाभरात कुणीतरी चुकीचा परिच्छेद उचलून व्हॉट्सॲपवर टाकला होता, माझं नाव गाळून आणि खाली हात जोडलेले दोन इमोजी लावून. दुरुस्त लेख जागच्या जागी राहिला. तो परिच्छेद सोसायट्यांच्या ग्रुपवरून फिरत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली त्या संध्याकाळी तो माझ्याच फोनवर आला. मावशीने पाठवला होता. हजार टँकर, हात जोडलेले, सगळं तसंच. खाली तिने लिहिलं होतं, ‘बघ गं, किती सोपं करून सांगितलंय. तू का नाही असं काही लिहीत?’