पाणी बघायला गेलेली माणसं

पुण्यात माझ्या वयाच्या माणसांपाशी नदीचा विषय निघाला, की पाचव्या मिनिटाला पानशेतचा पूर येतोच. ज्यांनी तो दिवस फक्त ऐकला आहे त्यांना वाटतं, एक उंच लाट आली आणि शहर घेऊन गेली. आमच्या शनिवार पेठेतून तसं काही दिसलं नाही. पाणी चढत आलं. आधी घाट, मग बोळ, मग वाड्याचा दिंडी दरवाजा, मग ओटीची एकेक पायरी.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी चौथीत होते. नदी फुगली की पाणी बघायला जायचं, ही पुण्याची जुनी रीत. त्यामुळे सकाळी माणसं छत्र्या घेऊन लकडी पुलाकडे निघाली, तेव्हा त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. धाकट्या काकांबरोबर मीही गेले. "कठड्यापाशी नेऊ नकोस तिला," एवढंच वडील म्हणाले. तांबडं पाणी, त्यात ओंडके, छपराचे पत्रे, गवताच्या पेंढ्या. लोक बोटं दाखवून एकमेकांना सांगत होते. मग एक म्हैस आली. जिवंत होती, मान वर काढून चाललेली. तिला पाहिलं आणि आजूबाजूचं बोलणं थांबलं. काकांनी माझं मनगट धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही.

त्या वेळी पुलावरच्या आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं, की आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण सकाळीच फुटलं आहे? धरणाचं काम पुरतं झालं नव्हतं आणि त्यातच पावसाळ्याचं पाणी साठलं. पाणी सोडायच्या मोरीपाशी बांध खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. शहर मात्र त्या रात्री निजलं होतं. आजही मला याचा राग येतो. ज्या रात्री जवान पोती वाहत होते, त्याच रात्री नदीकाठच्या पेठांमधली म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया उठवून पर्वतीकडे नेता आल्या असत्या. आमच्या बोळात सावध करायला जो पहिला माणूस आला, तो होता आमचा गवळी. "बाई, पोरं घेऊन निघा," एवढंच ओरडून तो पुढच्या वाड्याकडे पळाला.

आजीनं देवघरातला बाळकृष्ण पदरात बांधला. आईनं पत्र्याची ट्रंक माळ्यावर चढवली आणि घंगाळ तिथंच राहू दिलं. आम्ही उंचावरच्या एका नातलगांकडे गेलो. इंग्रजी अमदानीतलं खडकवासल्याचं दगडी धरणही त्याच दिवशी दुपारी गेलं आणि नारायण, शनिवार, कसबा, डेक्कन जिमखाना, सगळीकडे पाणी भरलं. आमच्या वाड्याच्या मातीच्या भिंती पाण्यानं उभ्या ठेवल्या. पाणी ओसरल्यावर त्या बसल्या. अनेक वाडे असेच गेले.

परतल्यावर जे होतं, त्याला गाळ म्हणतात खरं, पण तो घोट्याच्या वर येणारा, कुजक्या धान्याचा आणि रॉकेलचा वास येणारा चिखल होता. आणि एवढ्या पाण्यानंतर शहरात प्यायला थेंब नव्हता, कारण नळाचं पाणी यायचं ते खडकवासल्याहूनच. वरच्या पेठांतल्या वाड्यांचे आड पुन्हा चालते झाले. परक्या वाड्यात हंडा घेऊन गेलं तर कुणी जातपात विचारली नाही, ही त्या दिवसांतली मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट. दुसऱ्याच दिवशी "पाणी आलं, पाणी आलं" अशी हूल उठली आणि सबंध रस्ता पळत सुटला. पाणी आलं नव्हतं. पण त्या पळण्यात मला जी भीती दिसली, ती आदल्या दिवशी खऱ्या पाण्यापुढे दिसली नव्हती.

याचा विचार मी पुष्कळ केला आहे. प्रसंग चालू असताना आपण त्याच्या आत असतो आणि आतून त्याचा आकार दिसत नाही. दिसते ती म्हैस, दिसतं ते घंगाळ. आकार नंतर कळतो, तो कागदावरून. चौकशी आयोग नेमला गेला. ती चौकशी चालू असतानाच न्यायमूर्ती बावडेकरांनी आत्महत्या केली आणि पुढचं काम न्यायमूर्ती नाईक यांनी पाहिलं. धरण का फुटलं हे समजायला असे अहवालच हवेत, आमच्या आठवणी तिथं अपुऱ्या. पण पाणी कुठल्या बोळातून आधी शिरलं, कुणाला कुणी उठवलं, कुणाला उठवायचं राहून गेलं, हे सांगायला माणूसच लागतो. आणि ती माणसं आता झपाट्यानं कमी होत आहेत.

नदीपात्रातून रस्ता गेला, काठाला इमारती उभ्या राहिल्या. तिथं घर घेणारी तरुण मंडळी मला विचारतात, "आजी, इथपर्यंत पाणी येईल का हो?" मी त्यांना आमच्या वाड्याची जागा दाखवते. तिथं आता बहुमजली इमारत आहे आणि तळमजल्यावर गाड्या लावतात. पाणी या छताच्या वर होतं, असं सांगितलं की ती गप्प होतात, मग हसतात. त्यांच्या हसण्याचं मला वाईट वाटत नाही, काळजी वाटते.

म्हणून गेल्या काही महिन्यांपासून मी वही घेऊन जुन्या शेजाऱ्यांकडे जाते. प्रत्येकाला एकच विचारते: तुम्ही कुठे उभे होता आणि तिथून काय दिसलं? ऐकलेलं, वाचलेलं बाजूला ठेवायला लावते. सोपं नसतं ते; साठ वर्षांत दुसऱ्यांच्या गोष्टीही आपल्याच होऊन बसतात. गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत, निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या घरात वाढलेले एक गृहस्थ म्हणतात, पाणी दहाला आलं. त्यांची थोरली बहीण म्हणते, छे, तेव्हा कुकर कुठला, चुलीवर भात शिजून उतरला होता, म्हणजे अकरा तरी वाजले असतील. दोघंही हट्टाला पेटली. मी दोन्ही वेळा लिहून घेतल्या, बहिणीच्या भातासकट. पुढच्या आठवड्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात एका नव्वदीतल्या आजोबांकडे जायचं आहे. ते सकाळीच बोलतात, दुपारनंतर थकतात, असं त्यांच्या सुनेनं कळवलं आहे.